केसपेपरवरचा शेरा

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला उपदेश करताना आचार्य सांगतात की रुग्णाच्या घरचा वृत्तान्त वैद्याने बाहेर सांगू नये. हा नियम आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केला. जिभेने तो आपण बहुधा पाळतोही. लेखणीने पाळतो का, हा प्रश्न मात्र आम्हांला फार उशिरा पडला, आणि तोही एका रुग्णेच्या मुलामुळे.

प्रमेहाची ही रुग्णा तीन वर्षे आमच्याकडे येत होती. खानावळीत पोळ्या लाटण्याचे काम. रक्तशर्करा काही केल्या आटोक्यात येईना. मोठ्या रुग्णालयात दाखविण्यासाठी मुलगा केसपेपरची झेरॉक्स न्यावयास आला व आमच्यासमोरच पाने चाळू लागला. एका पानावर आमच्याच अक्षरात होते : ‘अपथ्यकर. सांगूनही ऐकत नाही. घरचे बेफिकीर.’ तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टर, आई खानावळीतच जेवते. उरलेला भात आणि बटाट्याची भाजी तिच्या वाट्याला येते. तुमच्या काढ्याची वेळ आणि तिथल्या गर्दीची वेळ एकच. तुम्ही कधी विचारलंच नाही.” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या शेऱ्याने काय केले? पुढील प्रत्येक भेटीत तोच प्रथम दृष्टीस पडला आणि आमची प्रश्नपरीक्षा तेथेच थांबली. मात्रा वाढविली, कल्प बदलला. जेवण कोठे व केव्हा होते, हे विचारले नाही. निर्देशकारित्व व ज्ञापकत्व हे रुग्णाचे गुण चरकांनी सांगितले; वाग्भटांनी त्यांत ‘आढ्य’, म्हणजे धनवान, हाही गुण मोजला. परंतु जे पथ्य रुग्णाच्या हाती नाही, ते न पाळण्याचा दोष त्याच्या माथी कसा मारावा?

रुग्णाच्या स्वभावाविषयी काहीच लिहू नये, असे आमचे म्हणणे नाही. दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा आहेच. ‘अवर सत्त्व’ लिहावे, पण ते कशावरून ठरविले तेही लिहावे. ‘नाटकी’ लिहू नये. ‘नातेवाईक भांडखोर’ असे न लिहिता ‘मुलाने औषधाच्या खर्चाबद्दल दोनदा विचारले’ असे लिहावे. पहिला आपला राग आहे, दुसरी नोंद आहे.

व्यवहाराची बाजूही ध्यानात घ्यावी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी २००२ साली झालेल्या नियमांत, रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत देण्याची तरतूद आहे. अमेरिकेत तर एप्रिल २०२१ पासून डॉक्टरांची टिपणे रुग्णाला संगणकावर विनाशुल्क वाचता यावीत, असा नियम लागू झाला. केसपेपर ही वैद्याची खाजगी वही राहिलेली नाही.

औषधालयाच्या चालकांनाही एक विनंती. आपल्या हाती येणाऱ्या चिठ्ठीवर कधी ‘वंध्यत्व’, कधी ‘क्लैब्य’ लिहिलेले असते. गल्ल्यासमोर चार माणसे उभी असताना नोकराने ते मोठ्याने वाचले, तर रुग्ण पुन्हा त्या पायरीवर चढत नाही. आम्ही वैद्यांनी औषधालयाच्या चिठ्ठीवर कल्प, मात्रा, अनुपान व काळ एवढेच लिहावे. व्याधीचा ऊहापोह केसपेपरवर ठेवावा. आपण चिठ्ठी वाचावी ती मनात.

ती रुग्णा नंतर आमच्याकडे आली नाही. मूळ पान आमच्याजवळ आहे. तो शेरा आम्ही खोडला नाही. खोडणे म्हणजे पुन्हा लपविणेच झाले असते. त्याखाली त्या दिवसाची तारीख घालून मुलाने सांगितलेली हकीकत लिहिली व सही केली. तेव्हापासून केसपेपर मिटण्यापूर्वी शेवटची ओळ आम्ही एकदा वाचतो, आणि ती समोर बसलेल्या माणसाला वाचून दाखविता येईल का, हे स्वतःस विचारतो. वैद्यबंधुभगिनींनीही विचारून पाहावे.