हवामानाची धास्ती आणि पाण्याचा ताळेबंद
हवामानबदलाची धास्ती हा आपोआप आजार ठरत नाही. धोका खराच आहे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ने भारतासह १० देशांतल्या १०,००० तरुणांची पाहणी छापली. त्यात ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी हवामानबदलाबद्दलच्या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो असं सांगितलं. झोप, जेवण बिघडलं तर डॉक्टर गाठावाच. पण ‘बातम्या पाहू नका’ हा सल्ला तोकडा आहे, कारण धास्ती वाढते ती हात बांधल्यासारखे वाटतात म्हणून. हात मोकळे करण्याचं एक उदाहरण पाहा: अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. एका गावाने पृथ्वी थंड होणार नाही, हा आक्षेप रास्तच. मात्र पर्जन्यमापकातला आकडा ग्रामसभेत वाचला की ‘कसं होणार’ची जागा ‘यंदा गहू किती पेरायचा’ हा प्रश्न घेतो. तोही घोर लावणाराच, पण चारचौघांत बसून सुटण्याजोगा.