चालण्याचे शास्त्र आणि काशीदची वाळू

बारावीच्या विज्ञान शाखेत नात किंवा नातू असलेल्या घरांत अलीकडे एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे: कायनेसिऑलॉजी. ही डॉक्टरकी नव्हे, अभियांत्रिकीही नव्हे. मग हे आहे तरी काय, असा प्रश्न आजी-आजोबांना पडतो. शुल्काचा आकडा कळला की तो आई-वडिलांनाही पडतो. ग्रीक भाषेत ‘किनेसिस’ म्हणजे हालचाल. कोणता स्नायू केव्हा आखडतो, सांध्यावर किती भार येतो, शरीराचा तोल कशाने राहतो आणि कशाने जातो, यांचा अभ्यास म्हणजे कायनेसिऑलॉजी. नुसते ‘चलन’ म्हटले की आपल्याला नोटा आठवतात. म्हणून या लेखापुरते तिला शरीरचलनशास्त्र म्हणू.

हे शास्त्र काशीदच्या किनाऱ्यावर फार लवकर उमगते. रेवदंड्याची खाडी साळावच्या पुलावरून ओलांडून मुरुडकडे निघाले, की एका बाजूला फणसाडच्या अभयारण्याचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला हा पांढऱ्या वाळूचा लांबलचक किनारा लागतो. सुरूच्या सावलीत गाडी थांबते आणि घरची मंडळी उत्साहाने आजोबांचा हात धरून त्यांना वाळूत नेतात. ‘वाळूत चालणे प्रकृतीला चांगले’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये वाळूतील चालण्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. टणक जमिनीच्या तुलनेत वाळूत चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असे त्यांना आढळले. कारण साधे आहे. पोटरीचे स्नायू पावलाला मागे रेटा देतात तेव्हा टणक जमीन तो रेटा आपल्याला परत देते आणि शरीर पुढे सरकते. भुसभुशीत वाळू मात्र बाजूला सरते. आपली पुष्कळशी शक्ती वाळू हलवण्यातच खर्च होते. म्हणजे घराजवळच्या रस्त्यावर अर्धा तास आरामात फिरणाऱ्या व्यक्तीला कोरड्या वाळूतील पंधरा मिनिटेही दमवू शकतात. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा नुकतेच आजारातून उठलेल्यांनी हा हिशेब विसरू नये.

दुसरी गोष्ट उताराची. किनारा समुद्राकडे कललेला असतो, त्यामुळे पाण्याच्या बाजूचे पाऊल खाली आणि दुसरे वर पडते. एका पायाची लांबी वाढल्यासारखी होऊन कंबर तिरकी होते. कंबर किंवा खुबा दुखणाऱ्यांना त्याचा त्रास रात्री जाणवतो. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली, घट्ट आणि त्यातल्या त्यात सपाट पट्टी ज्येष्ठांना उत्तम. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी चालण्याचा मोह टाळावा; शिंपल्याची धार किंवा दुपारची तापलेली वाळू अशा पायाला कळतच नाही. पाण्यात तर उतरूच नये. येथील लाटांची ओढ तरुणांनाही आवरत नाही.

हीच दृष्टी घरात आणली, की रोजच्या साध्या कृतींचा अर्थ लागतो. खुर्चीतून उठताना धडपड होते, ती नेहमीच अशक्तपणामुळे होत नाही. पुष्कळदा पावले गुडघ्यांच्या पुढे राहिलेली असतात आणि शरीराचा भार मागे. आधी खुर्चीच्या पुढच्या कडेशी सरकावे, पावले थोडी मागे घ्यावीत, नाक पावलांच्या चवड्यांवर येईल इतके पुढे वाकावे आणि मग उठावे. उठवणाऱ्याने काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढू नये. पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या बाजूचा खांदा अशा ओढण्याने निखळू शकतो.

काठीचेही तसेच. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. उजव्या पायावर उभे राहताना कमरेचे हाड डावीकडे कलू नये म्हणून उजव्या खुब्याचे स्नायू जोराने ओढतात आणि तो जोर सांध्यावरच येतो. डाव्या हातातील काठी त्यातला वाटा उचलते. आपल्याकडे मात्र बहुतेकजण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि घरचेही ‘नीट धरा’ म्हणत तीच पद्धत पक्की करतात.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत न सापडणारे काही प्रश्न आपल्या घरांत आहेत. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो. उकिडवे बसताना तो १२० अंशांच्याही पुढे जातो. पाटावर जेवणे, विळीवर भाजी चिरणे, वाडीत खाली बसून सुपारी सोलणे, या साऱ्यांत गुडघ्याची कसोटी लागते. ‘खाली बसू नका’ एवढेच सांगून कोकणातल्या घरातील आजींचे भागत नाही. किती उंचीचा पाट घ्यावा, उठताना कशाचा आधार घ्यावा, हे सांगणारे माणूस हवे असते. काशीदपासून अलिबाग सुमारे ३० किलोमीटर. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला आठवड्यातून तीनदा तिकडे नेणे किती घरांना जमेल? तरुण मुले मुंबईत, घरात दोघेच, ही किनाऱ्यावरील गावांची नेहमीची स्थिती. म्हणून हा विषय कोण शिकते आणि शिकून कुठे राहते, याला महत्त्व आहे.

आपल्याकडे हा विषय बहुधा स्वतंत्र पदवी म्हणून दिसत नाही. तो फिजिओथेरपीच्या पोटात शिकवला जातो. १९५० च्या दशकाच्या आरंभी पोलिओच्या पार्श्वभूमीवर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फिजिओथेरपी पदवीत विद्यार्थी पहिल्या दोन वर्षांत शरीरचलनशास्त्राचा पाया घालतात आणि मग रुग्णांकडे वळतात. आजवर साडेचार वर्षांची असलेली ही पदवी नव्या राष्ट्रीय आराखड्यात पाच वर्षांची होत आहे. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर मिळतो. दुसरी वाट शारीरिक शिक्षणाची. १९१४ मध्ये अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची या क्षेत्रातली परंपरा मोठी आहे, आणि बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमातही हा विषय असतो. पण त्या वाटेने क्रीडाशिक्षक किंवा प्रशिक्षक होता येते, रुग्णांवर उपचार करता येत नाहीत.

परदेशात चित्र वेगळे आहे. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात १९६७ मध्येच या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. अमेरिकेतही अनेक महाविद्यालयांत तो मुख्य किंवा जोड विषय म्हणून घेता येतो. येथेच पालकांची गफलत होते. ही चार वर्षांची पदवी घेतली म्हणजे फिजिओथेरपिस्ट होता येते असे नाही. अमेरिकेत त्यासाठी पदवीनंतर साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट करावी लागते. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात २०१३ पासून कायनेसिऑलॉजिस्ट हा नोंदणीकृत व्यवसाय आहे, पण तोही फिजिओथेरपिस्टहून वेगळा. जमीन किंवा वाडी गहाण टाकून मूल परदेशी पाठवणाऱ्या कुटुंबाने हे आधी जाणून घ्यावे. जोड विषय म्हणून तो मानसशास्त्र, पोषणशास्त्र किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी आहे. कृत्रिम अवयव घडवणाऱ्याला तर तो हवाच.

नावाच्या साधर्म्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. ‘अप्लाइड कायनेसिऑलॉजी’ नावाची पद्धत अमेरिकेत १९६४ मध्ये जॉर्ज गुडहार्ट यांनी काढली. हात पुढे धरायला लावून त्यावर दाब देतात आणि त्यावरून कोणते अन्न बाधते किंवा कोणता अवयव बिघडला आहे, हे सांगतात. तपासण्यांत ती खरी उतरलेली नाही. विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या शास्त्राशी तिचा संबंध नावापुरता. अशा चाचणीवरून कुणी गोळ्या बंद करायला सांगितले, तर ऐकू नये.

आपल्या घरातील मुलाला या विषयाची खरीच गोडी आहे का, हे पाहायला एक सोपी तपासणी त्याच्या हाती द्यावी. हातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, तीन मीटरवर खडूची रेघ ओढावी. आजोबांनी उठून नेहमीच्या गतीने रेघेपर्यंत जावे, वळावे आणि परत येऊन बसावे. मुलाने शेजारी चालत सेकंद मोजावेत. १२ किंवा अधिक सेकंद लागले, तर पडण्याचा धोका अधिक समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलाने नुसता आकडा सांगितला की आजोबा वळताना कोणत्या पायावर अडखळले तेही पाहिले, याकडे लक्ष ठेवावे.