एका शब्दावर अडलेली बैठक

आइसलँडची राजधानी रेक्याविक. तिथे समुद्राकाठी हॉफ्दी हाऊस नावाचे एक टुमदार पांढरे घर आहे. १९०९ मध्ये ते फ्रान्सच्या वाणिज्यदूतासाठी बांधले गेले. ११ आणि १२ ऑक्टोबर १९८६ रोजी याच घरात रोनाल्ड रीगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह समोरासमोर बसले.

बेत होता पुढच्या शिखर परिषदेच्या पूर्वतयारीचा. पण बोलता बोलता दोघे अशा ठिकाणी पोहोचले, की बरोबरचे मुत्सद्दीही चकित व्हावेत. सगळीच अण्वस्त्रे मोडीत काढण्याची भाषा दोघांच्याही तोंडी आली!

आणि घोडे अडले ते एका शब्दावर: प्रयोगशाळा. रीगन यांच्या अवकाश-संरक्षण योजनेच्या, म्हणजे ‘स्टार वॉर्स’च्या चाचण्या दहा वर्षे प्रयोगशाळेतच व्हाव्यात, हा गोर्बाचेव्ह यांचा आग्रह. रीगन यांना तो अमान्य. रविवारी संध्याकाळी दोघे बाहेर पडले, ते पडलेल्या चेहऱ्यांनी.

परिषद फसली, असेच जगाने म्हटले. पण लग्नाची बैठक मोडली, तरी समोरचा कुठवर यायला तयार आहे, हे तर कळतेच. रेक्याविकला तेच कळले. वर्षभराने, ८ डिसेंबर १९८७ रोजी, वॉशिंग्टनमध्ये याच दोघांनी करारावर सह्या केल्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून डागली जाणारी २,६९२ क्षेपणास्त्रे १९९१ पर्यंत नष्ट झाली.

नुसत्या शब्दावर भिस्त नव्हती. ‘विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा’ ही रशियन म्हण रीगन वारंवार ऐकवीत. रशियातील व्होत्किन्स्कच्या कारखान्याच्या दारात अमेरिकन निरीक्षक बसले, तर अमेरिकेतील युटा राज्यातल्या मॅग्ना इथे सोव्हिएत निरीक्षक. आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटू नये. तपासनीस आला म्हणून कोणी रोखपालाला चोर म्हणत नाही. उलट तपासणी होते, म्हणूनच लोक निर्धास्तपणे पैसे ठेवतात.

हा करारही टिकला नाही. रशियाने तो मोडल्याचा आरोप करून अमेरिका २ ऑगस्ट २०१९ रोजी त्यातून बाहेर पडली. रशियाने आरोप नाकारला. करार कायमचे नसतात. ते पुन्हा पुन्हा करावे लागतात. म्हणून शिखर परिषदेचे यश हस्तांदोलनाच्या छायाचित्रावरून जोखू नये. बोलणी फिसकटल्यावरही माणसे पुन्हा टेबलाशी येतात का, एवढेच पाहावे.