वाट पाहण्याचे चार रविवार

मैत्रिणींनो, आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीसारख्या गावी डिसेंबरात थंडी पडली, की दारं लवकर लागतात. याच दिवसांत पुष्कळ ख्रिस्ती घरांत आगमनकाळ पाळतात. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवायची. करंज्या-चकल्यांची धांदल असतेच, पण हा काळ खरा वाट पाहण्याचा.

बाळाची वाट पाहणं तुम्हांआम्हांला का कुणी शिकवायला हवं? दिवस भरेपर्यंत घाई करून चालत नाही. मरीयाही थांबलीच होती.

लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा ना! १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले नि त्यांचा संसार विसकटला. पण नवऱ्यामागोमाग त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. पुढं मनाला पटलं, तेव्हा १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांचा हाही आगमनकाळच!

म्हणून सांगते, फराळाचा एखादा जिन्नस कमी झाला तर होऊ द्या. रविवारी मेणबत्ती लावल्यावर घटकाभर सगळ्यांनी शांत बसा. आणि घरातलं कुणी रुसून दूर गेलं असेल, तर त्याला दोन ओळी लिहा. वाट पाहायची, तर दारही उघडं हवं, नाही का?