विश्लेषण : पहिलीचा वर्ग न पाहिलेली तुकडी, ऑनलाइन शाळा जालन्यात कुठे अडली?

जून २०२० मध्ये जालना जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत ज्या मुलांची नावे पहिलीच्या पटावर चढली, त्यांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. दुसरीचे निम्मे वर्षही तसेच गेले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला राज्य सरकारने १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी दिली. त्याआधी शाळा बंद झाल्या होत्या मार्च २०२० मध्ये. म्हणजे वीस महिन्यांहून अधिक काळ. हीच तुकडी २०२५-२६ मध्ये सहावीत आहे आणि मार्च २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल.

करोनाकाळातील शिक्षणाची चर्चा बरीचशी दहावी-बारावीभोवती फिरली. भूगोलाचा पेपर रद्द झाला, पुढच्या वर्षी परीक्षाच झाली नाही आणि दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, हे सर्वांना आठवते. पहिलीच्या मुलांचा निकाल कुठे लागलाच नाही.

वर्ग कसे सुरू झाले?

थोरल्यांपासून. नववी ते बारावी २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून. दुसरी लाट आली आणि सगळे पुन्हा थांबले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग भरले आणि सर्वात शेवटी चिमुकल्यांचा क्रमांक लागला. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस कुलूप. संसर्गाच्या दृष्टीने या क्रमाला कारणे होती. शिकण्याच्या दृष्टीने मात्र तो नेमका उलटा होता. नववीचा मुलगा पुस्तक उघडून काही ना काही वाचू शकतो. पहिलीच्या मुलाला ते पुस्तक उघडता यावे, यासाठीच तर शाळा असते.

मोबाइलवरची शाळा पहिलीला का चालली नाही?

हे सरकारलाही ठाऊक होते. १५ जून २०२० च्या पहिल्या सूचनांत पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्गातून वगळले होते. त्यांच्यासाठी टीव्ही आणि रेडिओ सुचवला होता. जुलैअखेर नियम बदलला आणि दिवसाला अर्ध्या तासाची दोन सत्रे आली, त्यातही काही वेळ पालकांशी बोलण्याचा. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. प्रत्येक इयत्तेचे ६० भाग होते. मालिका चांगली होती, पण टीव्ही मुलाचे ऐकत नाही.

पहिलीत शिक्षक काय करतात, हे पाहिले की अडचण कळते. मूल ‘क’ गिरवताना पेन्सिल कुठून फिरवते, काना कुठे देते, वेलांटी कोणत्या बाजूला काढते, हे त्यांना शेजारी बसून बघावे लागते. मूल धडा वाचते आहे की चित्र बघून पाठ म्हणते आहे, हे कानांनी ओळखावे लागते. घोकलेल्या ओळीतला मधलाच शब्द विचारला की खरे काय ते कळते. व्हॉट्सॲपवर आलेल्या वहीच्या फोटोत यातले काहीच दिसत नाही. ते अक्षर मुलाचे की थोरल्या ताईचे, हेही नाही.

त्यात फोन घरी असतोच असे नाही. एका घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील सकाळी शेतात किंवा कामावर. फोन संध्याकाळी परत येतो तेव्हा रिचार्ज संपलेला नसेल, रेंज असेल आणि दहावीतल्या भावाचा अभ्यास झाला असेल, तर धाकट्याची पाळी. ग्रामीण भारतातील ‘असर’ सर्वेक्षणानुसार सप्टेंबर २०२० मध्ये शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. तरीही सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले होती जेमतेम ३६ टक्के. घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती अभ्यास पडणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

जालन्याची अडचण अधिक का?

बियाणे आणि लोखंडी सळयांसाठी जालना देशभर ओळखले जाते. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जिल्ह्यातील घनसावंगीचे आमदार होते. पण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७१ टक्के होती, राज्याची ८२ टक्क्यांच्या पुढे. महिलांमध्ये तर सुमारे ६१ टक्केच. ऑनलाइन शिक्षणाने वर्गातले शिक्षकाचे काम आईकडे सोपवले. ज्या आईला स्वतःला शाळा मिळाली नाही, तिने लिंक उघडून काय शिकवायचे?

दुसरे कारण ऊसतोड. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. एरवी आईवडील गेले तरी मूल गावात राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय असते. ती शाळेला जोडलेली. शाळाच बंद, तर मूल मागे ठेवायचे कोणाजवळ? उसाच्या फडात कोपीवर मुक्काम पडला की चार्जिंगपासूनच प्रश्न. २०२०-२१ च्या हंगामात अशा मुलांसाठी ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषणेचा उत्तरार्ध खरा नव्हता.

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण त्याच काळात राज्यभर शिक्षक तपासणी नाक्यांवर, सर्वेक्षणाला, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी फिरत होते. तरी अनेक ठिकाणी ओट्यावर, झाडाखाली चार-पाच मुले बसवून शिकवले गेले. सोलापुरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, पालघरच्या जव्हार तालुक्यात ध्वनिक्षेपकावर ‘बोलकी शाळा’ भरली. चालले ते हेच: माणूस मुलापर्यंत गेला तिथे.

नुकसान मोजले गेले का?

याच तुकडीच्या बाबतीत चांगले मोजले गेले. ‘असर’ने २०२२ मध्ये तिसरीतली मुले तपासली, ती म्हणजे २०२० ची पहिली. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले देशात २०.५ टक्के निघाली. २०१८ मध्ये तिसरीचा हाच आकडा २७.३ होता. २०२४ मध्ये ही तुकडी पाचवीत असताना पुन्हा पाहणी झाली. दुसरीचा मजकूर वाचता येणारी निम्म्याहून थोडी कमीच. गाडी रुळावर येत असली, तरी पाचवीतल्या अर्ध्याअधिक मुलांना दुसरीचे पुस्तक नीट वाचता येत नव्हते.

उपाय मात्र या मुलांच्या मागून धावत राहिले. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, पण तोही शाळा बंद असताना. त्याच महिन्यात केंद्राने ‘निपुण भारत’ सुरू केले, तिसरीपर्यंत वाचन-गणित पक्के करण्यासाठी. त्याची घडी बसेपर्यंत ही तुकडी तिसरी ओलांडून गेली.

नियम बदलला तो मात्र वेळेवर. राज्याने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीतही अपयश आले तर त्याच वर्गात. पहिलीतून न शिकता पुढे गेलेली ही तुकडी २०२४-२५ मध्ये पाचवीच्या परीक्षेला बसली. आठवीची परीक्षा तिच्या वाट्याला २०२८ मध्ये येईल.