पोकळ बाणाचं तोंड

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या टर्नरच्या हाती ‘२३१५’ छापलेला बाण दिला, तर तिरंदाजीआधी त्याला आकडा दिसेल. बाहेरचा व्यास इंचाचे २३ चौसष्टांश, भिंत इंचाचे १५ सहस्रांश, म्हणजे जेमतेम ०.३८ मिलिमीटर. एवढ्या पातळ नळीच्या तोंडाशी टोक टिकवायचं, हे शिरूर-दौंडकडच्या फिटरला लगेच कळणारं काम आहे.

अमेरिकेत डग ईस्टननं १९३९ मध्ये अॅल्युमिनियमचे बाण केले. लाकडी बाण दमट हवेत वाकतात. अॅल्युमिनियमच्या नळ्या मात्र एकसारख्या ओढता येतात. १९७२ ला म्युनिकमध्ये तिरंदाजी ऑलिम्पिकला परतली, तेव्हा याच नळ्यांचं राज्य होतं. टोक थेट चिकटवता येई, पण नळीत चिकटवलेल्या, आतून आटे असलेल्या इन्सर्टमुळे ते फिरवून बदलायची सोय झाली.

बसवायची रीत आजही तीच. नळी कापली की बर काढायची, आतून स्पिरिटनं पुसायची. बोटाचं तेल राहिलं तरी ग्लू धरत नाही. इन्सर्टमध्ये टोक पिळून ते पकडीत धरायचं, तापवायचं, हॉट मेल्टची कांडी फिरवायची आणि गोल गोल फिरवत आत सरकवायचं. ज्योत नळीवर धरायची नाही. घाईत हेच होतं, आणि तापून नरम पडलेलं तोंड पुढच्या धडकेत फाकतं. इपॉक्सी पक्कं खरं, पण पुन्हा काढताना घाम फोडतं. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये.

भारताचे तिरंदाज १९८८ मध्ये सोलच्या ऑलिम्पिकला गेले, तोवर कार्बनचे बाण आले होते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून गाजलेल्या एक्स-टेन बाणात आत बारीक अॅल्युमिनियमची नळी, वर कार्बन. त्यात वेगळा इन्सर्ट नाही. टोकाचा दांडाच आत चिकटवतात.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. अदितीचा सराव उसाच्या शेताकडेच्या मैदानावर झाला. भीमा-घोडच्या काठी असल्या जागांना तोटा नाही!

कार्बन आलं तरी जाड अॅल्युमिनियम मात्र १८ मीटरच्या इनडोअर स्पर्धेत टिकलं. नियमाची मर्यादा ९.३ मिलिमीटर, २३१५ भरतो ९.१३. बाण जितका जाड, तितकी वरच्या गुणाची रेघ शिवायची शक्यता जास्त.