पॅरिसच्या पोस्टरवर नाव ठळक, आपल्याकडे फक्त चेहरा! काय आहे दगडी छपाईची गोष्ट?

वैजापूर : वैजापूर असो वा नारायणगाव, यात्रेत तमाशाचा फड येणार असला की आधी त्याचं पोस्टर येतं. त्यावर ठळक असतं ते कलावंताचं नाव. कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे ही नावं वाचूनच लोक तंबूकडे वळायचे. नावावर गर्दी खेचणाऱ्या रंगीत पोस्टरची पद्धत सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये गाजली होती. त्याच काळात, त्याच तंत्राने महाराष्ट्रातही चित्रं छापली जात होती. पण एक मोठा फरक होता.

पॅरिसमध्ये काय घडलं?

ज्यूल शेरे या चित्रकाराने रंगीत पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर रुजवलं. १८८९ मध्ये 'मुलँ रूज' हे नृत्यगृह सुरू झालं. १८९१ मध्ये तुलूझ-लोत्रेकने त्याचं पोस्टर केलं. मध्यभागी नर्तकी ला गुल्यू आणि मागे उंच टोप्या घातलेल्या शौकिनांच्या काळ्या आकृत्या. नर्तकीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. १८९३ मध्ये झान आव्रिल या नर्तकीचं पोस्टरही असंच नावानिशी झळकलं.

ही छपाई कशी व्हायची?

तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, एवढंच यामागचं सूत्र. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. दगड ओला करून तेलकट शाई फिरवली की ती फक्त चित्रालाच चिकटते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. हे तंत्र जर्मनीतल्या आलोइस सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधलं. यालाच शिळाछाप किंवा लिथोग्राफ म्हणतात.

महाराष्ट्रात काय छापलं गेलं?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू केली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत उभा राहिला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला सामान्य घरांच्या भिंतींवर आल्या.

मग नाव कुठे गेलं?

गोव्यात जन्मलेल्या, भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर रविवर्मा यांच्या चित्रांची प्रेरणा होत्या. चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांनीही त्यांना रंगवलं. मात्र छापील चित्राखाली नाव असायचं ते देवीचं किंवा पुराणातल्या नायिकेचं, फार तर छापखान्याचं. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईकडे समाज तेव्हा आदराने पाहत नव्हता. तिचा चेहरा भिंतीवर चालायचा, नाव नाही. अंजनीबाईंचं नाव लोकांनी लक्षात ठेवलं ते गाण्यामुळे. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर या दोघांनीही त्यांच्याकडे शिक्षण घेतलं.

तुमच्या घरातलं चित्र शिळाछाप आहे का?

• मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहा. ठिपके एकसारख्या ओळीत असतील तर छपाई नंतरची, ऑफसेटची. दाणे विस्कळीत, खडूने टिपल्यासारखे असतील तर शिळाछाप असू शकतं.

• खालच्या कडेला छापखान्याचं नाव शोधा. फ्रेम करताना ही पट्टी अनेकदा कापली जाते.

• ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात टांगू नका.

मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला. देवाची जुनी चित्रं अनेक घरांत नदीत सोडली जातात. त्यामुळे देवघरात उरलेली प्रत मोलाची आहे. विसर्जनाआधी निदान तिचा स्पष्ट फोटो काढा आणि ती कुणी, कुठून आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.